हायब्रिड पियानोच्या आवाजात बिघाड: दोष तारांचा की सेन्सरचा?

तुमच्या हायब्रिड पियानोबद्दल, म्हणजे खऱ्या तारांसोबत डिजिटल आवाजही असलेल्या पियानोबद्दल, तीन तक्रारी आहेत: हेडफोनमध्ये एक पट्टी मध्येच दणकन वाजते, तारांचा आणि डिजिटल आवाज एकत्र ठेवला की सूर हेलकावतो, आणि सायलेंट मोडमध्येही (तारा गप्प, आवाज फक्त हेडफोनमध्ये) तारांचा बारीक आवाज येतो. म्हणून सर्किट बोर्ड बदलायचा विचार आहे. कृपया इतक्यात बदलू नका.

आधी तीच पट्टी फक्त तारांवर वाजवा. मग सायलेंट मोडमध्ये हेडफोनवर. आणि शेवटी पियानोत साठवलेली डेमो धून हेडफोनवर ऐका. डेमोत पट्ट्यांचा संबंधच येत नाही. ती स्वच्छ ऐकू आली, तर ध्वनी तयार करणारा भाग आणि हेडफोन दोन्ही ठीक आहेत. दोष पट्टी आणि सेन्सर यांच्यामध्ये कुठेतरी आहे. डेमोही खरखरली तर आधी हेडफोन आणि जॅक तपासा.

माझ्या पियानोत मधली एक पट्टी अशीच दणकायची. बोर्ड बदलावा लागेल असं मलाही सांगितलं गेलं होतं. अशा पियानोत सहसा पट्टीखाली प्रकाशावर चालणारा सेन्सर असतो. पट्टी किती वेगाने खाली गेली हे तो मोजतो आणि त्यावरून आवाजाचा जोर ठरतो. दुसऱ्या तंत्रज्ञाने पट्टी काढली तर खाली धुळीचा राखाडी पुंजका होता. सफाई केली, सेन्सरचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे त्याचं मोजमाप पुन्हा जुळवलं, आणि पट्टी शेजारच्या पट्ट्यांसारखी वाजू लागली. पट्ट्या स्वतः उपसू नका, एवढं मात्र ऐका.

सूर हेलकावणं हा माझ्या मते बिघाडच नाही. हवेत दमटपणा वाढला की साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की उतरतो. डिजिटल आवाज मात्र 440 हर्ट्झला (सेकंदाला 440 कंपनं) लावला असेल तर तिथेच राहतो. तारेचा तोच सूर 442 वर गेला, तर सेकंदाला दोन हेलकावे येणारच. तात्पुरता उपाय म्हणजे सेटिंगमध्ये डिजिटल पिच थोडी वर-खाली करून पाहा. हेलकावे मंदावत जाऊन थांबतात ती जागा कानाला लगेच कळते. पण ऋतूबरोबर सगळ्या तारा सारख्या सरकत नाहीत, त्यामुळे मधे जुळवलं की टोकांना थोडा फरक उरतो. खरा उपाय पियानो ट्यून करून घेणं हाच. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या आत ठेवलीत तर तो सूर जास्त टिकतो.

तिसऱ्या तक्रारीचा इलेक्ट्रॉनिक्सशी काहीच संबंध नाही. सायलेंट मोडमध्ये एक आडवी दांडी पुढे येऊन हातोड्यांना तारेच्या अगदी जवळ अडवते. ती सरकली किंवा तिचं मऊ अस्तर दबलं, की जोरात वाजवताना हातोडी तारेला निसटती लागते. पियानो उभा असेल तर वरचं झाकण उघडा, सायलेंट मोड चालू करा आणि जिथे तारेचा आवाज येतो ती पट्टी जोरात वाजवताना तार बारकाईने पाहा. थरथरली की समजा. हे रेग्युलेशनचं, म्हणजे पट्ट्या-हातोड्यांची यांत्रिक जुळणी करण्याचं काम आहे. तंत्रज्ञाला बोलावताना हा सायलेंट यंत्रणेचा पियानो आहे हे आधीच सांगा, कारण यात हातोडी सुटण्याचं अंतर (तारेपासून जितक्या अंतरावर पट्टी हातोडीला ढकलणं सोडते ते) साध्या पियानोपेक्षा जास्त ठेवावं लागतं.

तंत्रज्ञाला फोन करण्यापूर्वी दोष असलेल्या पट्टीचा डावीकडून क्रमांक, कोणत्या मोडमध्ये काय होतं आणि डेमो कशी वाजली, हे लिहून ठेवा.