दीड वर्षाच्या मुलीसाठी टेक्सासमध्ये स्प्लॅश पॅड निवडताना काय बघावं?

स्प्लॅश पॅड म्हणजे पार्कातली कारंज्यांच्या पाण्यात खेळायची जागा. आधी पाणी. उडालेलं पाणी एकदाच वापरून सोडून देतात की टाकीत नेऊन पुन्हा फिरवतात, हे पार्कच्या ऑफिसात सरळ विचारा. फिरवत असतील तर क्लोरीन रोज तपासतात का, हेही. आगाऊपणा वाटला तर वाटू दे. २०२१ मध्ये टेक्सासमधल्याच आर्लिंग्टन शहरातल्या पॅडवर मेंदू खाणाऱ्या अमिबाचा संसर्ग होऊन एक मूल दगावलं होतं आणि तिथे क्लोरीनची तपासणी नीट होत नव्हती. असं क्वचितच घडतं. जुलाब मात्र नेहमीचे: क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. म्हणून पाणी तोंडात जाऊ देऊ नका, कारंज्यावर बसू देऊ नका आणि पोट बिघडलेलं असेल तर घरीच राहा. स्विम डायपरने जुलाब अडत नाहीत. तासातासाने बघा, बदलायचा तो लांब, बाथरूममध्ये.

मजेचं म्हणाल तर या वयाला जमिनीतून घोट्याएवढं उसळणारं पाणी पुरतं. डोक्यावर बदाबदा ओतणाऱ्या बादल्यांना मुलं घाबरतात. चिमुकल्यांचा कोपरा वेगळा हवा, नाहीतर मोठी पोरं धडका देतात. जमीन रबरी असली तर उत्तम, पण उन्हात तीही तापते. सकाळीच जा, सँडल घाला.