निगिरी सुशी (भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप) सोया सॉसमध्ये बुडवली की भात सुटून वाटीत पडतो. ती नेमकी कशी बुडवायची?

निगिरी आडवी करून फक्त माशाची कड सॉसला टेकवा, भात बुडवू नका. हा भात तोंडात लगेच मोकळा व्हावा म्हणून मुद्दाम हलकाच दाबलेला असतो; सॉस शोषला की तो फुटतो. शिवाय भातात व्हिनेगर, मीठ, साखर आधीच असते, त्यामुळे घास खारट होऊन माशाची चव मरते. चॉपस्टिकने जमत नसेल तर सरळ हाताने खा, जपानात ते अगदी रीतीला धरून आहे: अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंना, तर्जनी माशावर, मग मनगट वळवायचं. वाटीत सॉस थोडाच ओता. वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) बहुधा मासा आणि भाताच्या मध्ये लावलेली असते, वेगळी कालवायची गरज नाही. इकुरा (सामन माशाची अंडी) किंवा उनीची (समुद्री अर्चिनचा गर) गुंकान, म्हणजे भाताभोवती नोरीची (समुद्री शेवाळाची) पट्टी गुंडाळून वर हे ठेवलेली सुशी, मात्र उलटी करता येत नाही. सोबतच्या मुरवलेल्या आल्याची चकती सॉसमध्ये बुडवून तिने वरून हलकेच सॉस लावा. काउंटरवर शेफने निकिरी, म्हणजे मिरिन किंवा साके घालून उकळलेला सोया सॉस, ब्रशने आधीच लावला असेल किंवा अनागोवर (समुद्री ईल मासा) त्सुमे हा गोडसर दाट सॉस असेल, तर वेगळा सॉस अजिबात नको.