ॲप तयार झालं, आता लोकांच्या हातात कसं द्यायचं?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच जागी अडलेली आहेत. ॲप लिहून झालंय, स्वतःच्या फोनवर चालतंय आणि त्यापुढे गाडी हलत नाही. सांगलीत विश्रामबागेत बसून मी चौदा वर्षं हेच काम करते आहे. लोकांना ॲप देण्याचं काम कोड लिहिण्याइतकंच मन लावून करावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, मी मिरजेत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मावशीच्या खानावळीसाठी फ्लटरमध्ये (ॲप बनवायच्या गूगलच्या साधनात) ॲप केलंय. उद्या डबा हवा की नको, ते मुलं त्यावर रात्री कळवतात. केबल लावून माझ्या फोनवर टाकलं की झकास चालतं. रिलीजची एपीके (फोनवर थेट बसणारी ॲपची फाइल) काढून मावशीला दिली तर मेनूच येत नाही. प्ले स्टोअरच्या इंटर्नल टेस्टमध्ये (मोजक्या माणसांपुरत्या चाचणीत) टाकलं तर गूगलचं लॉगिनही होईना. कोडमधली एक ओळही मी बदललेली नाही.

उत्तर : ओळ बदलली नाहीस हे खरंच, पण मावशीच्या फोनवर गेलेलं ॲप तुझ्या फोनवरच्या ॲपपेक्षा वेगळं आहे. फ्लटरच्या प्रोजेक्टमध्ये अँड्रॉइडच्या फोल्डरात मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे ॲपला कुठल्या परवानग्या हव्यात ते सांगणारी फाइल, तीन ठिकाणी असते: डीबग (काम करतानासाठी), प्रोफाइल (वेग तपासण्यासाठी) आणि मेन. इंटरनेटची परवानगी पहिल्या दोन्हींत आयती लिहिलेली असते, कारण काम करताना फोन आणि लॅपटॉप यांना एकमेकांशी बोलावं लागतं. मेनमध्ये ती नसते, तुलाच लिहावी लागते. रिलीज बिल्ड, म्हणजे लोकांना द्यायचं तयार ॲप, मेन वापरतो. म्हणजे मावशीच्या फोनवरच्या ॲपला नेटवर जायची परवानगीच मिळालेली नाही. मेनच्या मॅनिफेस्टमध्ये ती एक ओळ घाल, मेनू येईल.

लॉगिनचं कारण निराळं आहे. गूगल तुझं ॲप दोन गोष्टींवरून ओळखतं: पॅकेजचं नाव (ॲपची आतली ओळख) आणि ॲप तुझंच आहे हे पटवायला ज्या डिजिटल चावीने सही झाली तिचा ठसा, म्हणजे एसएचए-१. फायरबेसमध्ये (लॉगिनसारख्या सोयी देणाऱ्या गूगलच्या सेवेत) तू तुझ्या लॅपटॉपवरच्या डीबग चावीचा ठसा दिला असशील. रिलीज तू तुझ्या अपलोड चावीने सही करून पाठवलंस, हा झाला दुसरा ठसा. आणि प्ले स्टोअर लोकांना ॲप देताना गूगलकडे ठेवलेल्या तिसऱ्याच चावीने सही करतं. तो तिसरा ठसा प्ले कन्सोलमध्ये (प्ले स्टोअरवर ॲप टाकणाऱ्याच्या खात्यात) ॲप साइनिंगच्या पानावर दिलेला असतो. तिन्ही ठसे फायरबेसमध्ये नोंदव. या तिसऱ्या ठशापायी मी एकदा अख्खा रविवार घालवला आहे.

इथून पुढे एक सवय लाव. कुणालाही ॲप दाखवायच्या आधी रिलीज बिल्ड स्वतःच्या फोनवर टाकून दोन दिवस वापर. त्याआधी डीबगचं ॲप काढून टाक, कारण सही वेगळी असली की फोन नवं ॲप जुन्यावर बसवून घेत नाही, नुसतं ‘इन्स्टॉल झालं नाही’ म्हणतो. कोटलिन या भाषेत अँड्रॉइडचं काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. रिलीजमध्ये कोड आटोपशीर करणारं आर८ चालू केलेलं असेल तर ते क्लासची आणि आतल्या फील्डची नावं बदलून टाकतं. मग सर्व्हरकडून आलेला मजकूर नावावरून जुळवायचा असेल तर तो जुळत नाही, यादी रिकामी दिसते. ती नावं जशीच्या तशी राखायचा नियम लिहावा लागतो.

प्रश्न : आमचा विट्यात यंत्रमागाचा कारखाना आहे. बीम आणि तागे यांच्या नोंदीसाठी एका मुलाकडून ॲप करून घेतलं होतं. त्यानेच ते प्ले स्टोअरवर टाकलं. आता नवा फोन घेतलेल्या कामगाराला ते तिथे सापडत नाही, आणि तो मुलगा फोन उचलत नाही. आम्ही पैसे पूर्ण दिले आहेत. ॲप आमचं नाही का?

उत्तर : पैसे तुम्ही दिलेत, पण प्ले स्टोअरच्या लेखी ॲप ज्याच्या खात्यावर आहे त्याचं. नव्या फोनवर ते का सापडत नाही, ते आधी सांगते. ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीला धरून बांधलंय, याची अट गूगल दर वर्षी वर सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं ॲप किंवा जुन्याचं अपडेट टाकायचं तर ते अँड्रॉइड १५ ला धरून लागतं. जी ॲप्स फार मागे पडली, ती नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या माणसाला दिसत नाहीत. ज्यांच्याकडे आधीपासून आहेत, त्यांचं चालू राहतं.

त्या मुलाला गाठा, ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घालावं लागलं तरी चालेल, पण भांडून नको. तुमच्या स्वतःच्या नावाने प्ले कन्सोलचं खातं उघडा. त्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. मग त्याच्या खात्यावरून तुमच्या खात्यावर ॲप हस्तांतरित करून मागा. तशी सोय आहे, त्यात सध्याचे वापरणारे आणि रेटिंग तसेच राहतात. सोबत कोड घ्या, सहीची चावी जिच्यात असते ती की-स्टोअर फाइल घ्या, तिचा पासवर्ड आणि एलियस (फाइलमधलं चावीचं नाव) लिहून घ्या. खातं तुमच्याकडे आलं आणि अपलोड चावी मात्र हरवलेली निघाली, तरी घाबरू नका. सहीची मुख्य चावी गूगलकडे असेल तर अपलोड चावी बदलून द्या, असा अर्ज कन्सोलमधूनच करता येतो.

ॲप जुन्या पद्धतीचं असलं, म्हणजे मुख्य चावी फक्त आपल्याकडेच असली, तर मात्र हा रस्ता नाही. ते मी भोगलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी ज्या ऑफिसात काम करत होते, ते गावभागात तळमजल्यावर होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही मॉनिटर आणि फायली वरच्या मजल्यावर नेल्या. कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप राहिला. हळदीच्या एका अडत दुकानाच्या ॲपची की-स्टोअर त्यात होती, आणि तिची दुसरी प्रत त्याच टेबलाच्या खणात, पेन ड्राइव्हमध्ये. पाणी ओसरल्यावर पत्रा उघडला तर आत बोटभर गाळ, आणि हार्ड डिस्कच्या पिनांमध्ये तो वाळून सिमेंटसारखा बसलेला. मी जुन्या टूथब्रशने एकेक पिन साफ केली. डिस्क फिरली नाही.

त्या ॲपला पुन्हा कधीच अपडेट देता आलं नाही. नवं पॅकेज नाव घेऊन नवं ॲप टाकलं. शेतकऱ्यांना एकेकाला फोन करून जुनं काढा, नवं घ्या, असं सांगितलं. विक्रीच्या जुन्या पट्ट्या त्यांच्या फोनमध्येच साठवलेल्या होत्या. जुन्या ॲपबरोबर त्याही गेल्या. पुरात घरचं धान्य भिजलेल्या माणसाला ‘तुमच्या पट्ट्याही गेल्या’ असं फोनवर सांगणं मी अजून विसरलेले नाही. म्हणून कळकळीने सांगते, की-स्टोअरची एक प्रत वरच्या मजल्यावर ठेवा आणि एक दुसऱ्या गावी. पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. चावी व्हॉट्सॲपवर पाठवू नका, गिटमध्ये (कोड साठवायच्या जागेत) घालू नका. चावी करताना कीटूलमध्ये (चावी बनवायच्या साधनात) मुदत १०,००० दिवसांची द्या. २२ ऑक्टोबर २०३३ च्या आत संपणारी चावी प्ले स्टोअर घेतच नाही.

प्रश्न : एपीके द्यायची की एएबी? (कवठेमहांकाळ)

उत्तर : प्ले स्टोअरवर नव्या ॲपसाठी ऑगस्ट २०२१ पासून एएबीच लागते. ती थेट फोनवर बसत नाही, प्ले स्टोअर तिच्यातून ज्याच्या त्याच्या फोनपुरती एपीके काढून देतं. हातोहात द्यायची असेल तर एपीके.

प्रश्न : ॲपचं नाव नंतर बदलता येतं का? (पलूस)

उत्तर : दिसणारं नाव कधीही बदला, ३० अक्षरांत बसवा. पॅकेजचं नाव एकदा प्रकाशित झालं की कायमचं. ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होणारं तर घेतच नाहीत.

प्रश्न : मी तासगावची. आमची द्राक्षबाग आहे. छाटणीपासून आज कितवा दिवस, कोणती फवारणी कधी झाली, काढणीला अजून किती दिवस थांबायचं, हे सगळं मी वहीत लिहायचे, आता त्याचं ॲप केलंय. खातं याच वर्षी उघडलं, वैयक्तिक आहे. बारा टेस्टर आणि चौदा दिवस लागतील म्हणतात. घरात आम्ही चारच माणसं. टेलिग्रामवर एक जण पैसे घेऊन बारा टेस्टर देतो म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. नियम असा आहे: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे यादीतल्या माणसांपुरती चाचणी, करावी लागते. आधी वीस माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून बारा. ती सलग चौदा दिवस सामील असायला हवीत. इंटर्नल टेस्ट यात धरत नाहीत. चौदा दिवसांनी अर्ज करताना गूगल विचारतं की टेस्टर कुठून आणले, ते काय म्हणाले, त्यावरून तुम्ही काय बदललं. विकतची माणसं ॲप एकदा उघडून बंद करतात. मग त्या रकान्यात तुम्ही काय लिहिणार?

आणि रकान्याचं सोडा, तुमचं ॲप ज्यांच्यासाठी आहे ती माणसं तुमच्या बांधाला बांध लावून आहेत. मार्केट यार्डात मी एका वयस्कर शेतकऱ्याच्या शेजारी बसून असंच एक नोंदीचं ॲप तपासत होते. त्यांनी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. रक्कम टाकली, कीबोर्ड वर आला आणि ‘जतन करा’ हे बटण त्याच्यामागे गेलं. ते काही बोलले नाहीत. अंगठा अधांतरी धरून पडद्याकडे बघत राहिले, मग फोन खिशात ठेवला आणि खिशातलीच छोटी वही काढून तिच्यात रक्कम लिहिली. माझ्या लॅपटॉपवरच्या एम्युलेटरने (पडद्यावरच्या नकली फोनने) हे मला कधीच दाखवलं नसतं.

तुमच्या ॲपमध्ये छाटणीची तारीख एकच टाकता येते का? मोठ्या प्लॉटची छाटणी एका दिवसात उरकत नाही. मग दिवस पहिल्या ओळीपासून मोजायचे की शेवटच्या? छाटणीचा दिवस शून्य धरायचा की एक? शेजारचे दोन बागायतदार याची दोन उत्तरं देतील, आणि फवारणीचं वेळापत्रक त्यावर हलेल. ते भांडण आत्ताच, चौदा दिवसांत होऊ द्या. मधे दुरुस्ती करून नवा बिल्ड चढवायला मुभा आहे, फक्त व्हर्जन कोडचा आकडा दर वेळी वाढवा.

माणसं जमवताना बारावर थांबू नका, पंधरा घ्या, कारण एखादा फोन बदलतो, एखादा नको म्हणतो. सगळ्यात जास्त वेळ जीमेलच्या पत्त्यात जातो. पुष्कळांच्या फोनमधलं खातं दुकानदाराने किंवा मुलाने उघडून दिलेलं असतं, त्यांना ते पाठ नसतं. विचारू नका, फोन हातात घ्या, प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, तिथे पत्ता दिसेल. तोच यादीत घाला आणि लिंक त्याच खात्यातून उघडून सामील व्हायचं बटण त्यांच्यासमोर दाबून घ्या. यादीत नाव घातलं म्हणजे टेस्टर झाला, असं नाही.

ऑक्टोबरच्या छाटणीला ॲप हवं असेल तर ऑगस्टलाच सुरुवात करा. चौदा दिवस, मग अर्जाच्या तपासणीला साधारण आठवडा, मग ॲपची स्वतःची तपासणी. डेटा सेफ्टीचा फॉर्म आणि गोपनीयता धोरणाचं पान मधल्या काळात भरून ठेवा. पहिलं प्रकाशन सगळ्यांना एकदमच जातं. पुढची अपडेट्स मात्र आधी दहा टक्के लोकांना द्या. काही बिघडलं तर तिथेच थांबवता येतं. ज्यांच्याकडे ते पोचलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही, त्यांना दुरुस्त केलेलं वरच्या आकड्याचं पाठवावं लागतं. फवारणीच्या ऐन दिवसांत तर अपडेट देऊच नका.

घरची चार धरली तर अकरा राहिली. त्यात एक नाव माझं घाला, जीमेलचा पत्ता मासिकाच्या कार्यालयातून मिळेल. पण माझ्याकडे बाग नाही, तेव्हा उरलेले दहा बागायतदारच शोधा.