वाचकांचे प्रश्न : जुन्या घराचा रंग, शिसे आणि कायदा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतात. त्यांनी नुकतेच भाड्याने घर घेतले, तेव्हा भाडेकरारासोबत शिशाच्या रंगाविषयीचा एक स्वतंत्र कागद वाचून त्यावर सही करावी लागली. आमचे शहापुरातील घर माझ्या आजोबांनी बांधलेले आहे आणि दारे-खिडक्यांवर ऑइलपेंटचे किती थर चढले आहेत याची गणती नाही. तीन वर्षांची नात दिवाळीला दोन महिन्यांसाठी येणार आहे. आपल्या कर्नाटकात असा काही कायदा आहे काय? निदान महाराष्ट्रात तरी आहे काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : दोन्हीकडे नाही. जुन्या घरात पूर्वीच लागलेल्या रंगाबद्दल घरमालकाला जबाबदार धरणारा असा स्वतंत्र कायदा कर्नाटकानेही केलेला नाही आणि महाराष्ट्रानेही केलेला नाही. आपल्याकडे आहे तो केंद्र सरकारचा नियम. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली केंद्राने 2016 साली घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयी नियम काढले आणि ते 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आले. अशा रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे 10 लाख भागांत 90 भागांपेक्षा, अधिक असता कामा नये आणि तसा उल्लेख डब्यावर छापलेला असला पाहिजे, असे हे नियम सांगतात. सीमाभागात ‘तिकडचा कायदा बरा’ असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे आणि कधीकधी त्याला कारणही असते. पण या बाबतीत डबा बेळगावच्या खडेबाजारात घेतला काय आणि कोल्हापुरात घेतला काय, नियम एकच आहे. त्याची मर्यादाही दोन्हीकडे सारखीच आहे. तो कारखान्याला आणि दुकानाला लागू होतो, तुमच्या दाराच्या चौकटीला नाही.

आपल्या मुलीने सही केलेल्या कागदामागे जो कायदा आहे, तो मात्र थेट घरात शिरतो. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर 1978 मध्ये देशभर बंदी आली, म्हणून तेथील बहुतेक तरतुदींत ‘1978 पूर्वीचे घर’ हीच कसोटी आढळते. 1992 च्या केंद्रीय कायद्याने अशा घराच्या विक्रेत्यावर आणि मालकावर माहिती देण्याचे बंधन घातले. शिशाचा रंग असल्याचे ठाऊक असेल तर ते सांगावे लागते, माहितीपुस्तिका द्यावी लागते आणि विकत घेणाऱ्याला तपासणी करून घेण्यासाठी 10 दिवसांची संधी द्यावी लागते. रंग काढण्याची सक्ती त्यात नाही. तशी सक्ती काही राज्यांनी आपापल्या कायद्याने आणली. मॅसॅच्युसेट्सचा कायदा तर 1971 चा, म्हणजे देशव्यापी बंदीहूनही जुना आहे. 1978 पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर शिशाचा धोका काढून टाकणे किंवा झाकणे ही तेथे मालकाची जबाबदारी ठरते, मग ते मूल भाडेकरूचे असो की मालकाचे स्वतःचे. लहान मूल आहे म्हणून घर नाकारून ही जबाबदारी टाळण्याची वाटही त्या राज्याने बंद केली आहे. मेरीलँड राज्यात 1978 पूर्वीची भाड्याची घरे राज्याच्या पर्यावरण खात्याकडे नोंदवावी लागतात आणि मुलांची रक्तचाचणी 12 व 24 महिन्यांच्या वयात करावी लागते. न्यूयॉर्क राज्यातही पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी चाचणी सक्तीची आहे.

या कायद्यांचा हेवा वाटणे साहजिक आहे, परंतु त्यांचा इतिहास फारसा हेवा करण्यासारखा नाही. बरीच वर्षे यंत्रणा हलत असे ती एखाद्या मुलाच्या रक्तात शिसे सापडल्यानंतर. म्हणजे घर तपासण्याचे काम प्रत्यक्षात ते मूलच करीत होते. पुढे निकष कडक होत गेले आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने मुलांच्या रक्तातील दखल घेण्याजोगी पातळी प्रति डेसिलिटर 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच ज्ञात नाही. सार्वजनिक आरोग्य हा आपल्या राज्यघटनेत राज्यसूचीतील विषय असल्यामुळे कर्नाटक विधिमंडळाला असा कायदा करता येईल. मात्र तो यंदाच्या दिवाळीपूर्वी होणार नाही, तेव्हा आपल्या घराकडे वळू.

चुन्याच्या सफेदीची चिंता करू नये. तिच्यात शिसे नसते. शंका घ्यावी ती दारे, खिडक्या, कठडे आणि लोखंडी गज यांवरील जुन्या ऑइलपेंटची, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांची. घट्ट बसलेला, वरून नव्या रंगाने झाकलेला थर त्या मानाने कमी धोक्याचा असतो. खिडकीची झडप चौकटीला घासते तेथे पडणारी बारीक भुकटी आणि उन्हा-पावसाने सुटलेले पोपडे ही खरी अडचण आहे, कारण तीन वर्षांचे मूल जमिनीवर खेळते आणि तोच हात तोंडात घालते. लहान मुले पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार ते पाच पट अधिक शोषून घेतात. मला अधिक भीती वाटते ती मात्र आपल्या दिवाळीपूर्व रंगकामाची. रंगारी पत्र्याने कोरडा रंग खरवडतो, मग पॉलिश पेपर मारतो, आणि वर्षानुवर्षे दारावर निमूट बसलेले शिसे एका दुपारी घरभर पसरते. खरवडणे टाळता येत नसेल तर पाणी मारून, वॉटर पेपरने ओले घासून घ्यावे. ब्लो लॅम्पने रंग जाळू देऊ नये. काम नात येण्याच्या पुरेसे आधी संपवावे, कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे आणि फडके वाहत्या पाण्यात धुवावे. काढलेल्या जुन्या दारांची लाकडे अंघोळीच्या बंबात घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रंगवलेली लाकडे तशी जाळू नयेत, कारण त्यांच्या धुरात आणि राखेत शिसे उरते.

प्रश्न : आमच्या गावच्या मराठी शाळेत वर्गांना आणि मैदानातील घसरगुंडीला रंग देण्याचे ठरले आहे. मी एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचा, सदस्य आहे. ठेकेदाराला काय विचारावे, आणि गैर आढळल्यास तक्रार कोणाकडे करावी? आम्हाला कन्नडमध्ये अर्ज लिहिता येत नाही.
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : वर्गासाठी आणलेला डबा उघडण्यापूर्वी त्यावरील 90 पीपीएमचा उल्लेख, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि उत्पादनाचा महिना पाहावा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. घसरगुंडीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण वर सांगितलेले नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरतेच आहेत. यंत्रे, वाहने आणि लोखंडी सांगाडे यांच्यासाठीचे औद्योगिक रंग त्यांत येत नाहीत. बेळगावात उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत हाताशी असल्याने असा रंग सहज मिळतो, तो चिवट असतो, आणि ‘मुलांच्या खेळण्याला टिकाऊच रंग हवा’ असे म्हणून ठेकेदार तोच मारण्याचा संभव असतो. म्हणून खेळाच्या साहित्यालाही घरगुती वापराचा, 90 पीपीएमचा उल्लेख असलेला रंगच वापरावा, असा ठराव समितीने लेखी करून घ्यावा. लोखंडावर आधी मारतात त्या तांबड्या रेड ऑक्साइडवरून मात्र वाद घालू नये. ते लोहाचे संयुग आहे. तशाच रंगाचे ‘रेड लेड’ प्रायमर निराळे, आणि ते शिशाचे असते. दुकानदारही कधीकधी दोहोंची गल्लत करतात, तेव्हा डब्यावरचे नाव स्वतः वाचावे.

तक्रार कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे करावी. डब्यावरील मजकूर खोटा निघाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पर्यावरण अधिनियमाच्या उल्लंघनासाठी एप्रिल 2024 पासून कैदेऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. भाषेविषयी म्हणाल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार आपले गाऱ्हाणे संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीत अर्ज करा आणि पोच घ्या. सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडावी असे मी सुचवीन. हक्क सोडून देण्यासाठी नव्हे, तर अर्ज भाषांतराच्या नावाखाली टेबलावर पडून राहू नये म्हणून.

प्रश्न : माझे यजमान ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या घराच्या पडवीत दुरुस्त करतात. जुन्या प्लेटा वितळवून शिसे वेगळे काढतात. धाकट्या मुलाचे पोट सारखे दुखते, त्याला शौचास साफ होत नाही आणि डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगितले आहे. याचा संबंध असेल काय? तक्रार झाली तर यजमानांना शिक्षा होईल काय?
— एक वाचिका, खानापूर

उत्तर : संबंध असू शकतो आणि तो आजच तपासावा. पोटदुखी, बद्धकोष्ठ आणि पंडुरोग ही शिसेबाधेची लक्षणे आहेत, जरी त्यांची इतर कारणेही असतात. डॉक्टरांना या कामाविषयी स्पष्ट सांगा, कारण विचारल्याशिवाय ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येण्याचे कारण नाही. रक्तातील शिशाची चाचणी मुलाची आणि यजमानांची, दोघांचीही करावी. नमुना शक्यतो शिरेतून घ्यावा, कारण बोटाला लागलेल्या धुळीमुळे टोचून घेतलेल्या थेंबात आकडा फुगतो. शरीरातून शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांना साधारणपणे रक्तातील पातळी प्रति डेसिलिटर 45 मायक्रोग्रॅमच्या वर असल्यास देण्याचा विचार करतात. त्याखाली मुख्य उपचार एकच, शिशाचा स्रोत दूर करणे, आणि जोडीला लोह व कॅल्शियम असलेला आहार. आपण गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी अनेक वर्षे या विषयावर काम केले असल्याने आपल्या राज्यात हा आजार अगदीच अपरिचित नाही.

कायद्याचे उत्तर असे, की बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे जुन्या बॅटरीवरील पुनर्प्रक्रिया केवळ नोंदणीकृत केंद्रालाच करता येते, आणि पडवीतील भट्टी त्यात बसत नाही. बॅटरी जोडणे, तपासणे, पाणी भरणे ही कामे त्यांनी खुशाल करावीत. मात्र ती घराबाहेर, मुलांपासून दूर करावीत. प्लेटा फोडणे आणि वितळवणे आजपासून थांबवून जुनी बॅटरी सबंध स्थितीत विक्रेत्याला परत द्यावी. कामाचे कपडे घराबाहेर बदलून वेगळे धुवावेत आणि हात-तोंड धुतल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नये. काम आपण होऊन थांबवले तर शिक्षेची धास्ती बाळगून डॉक्टरांपासून ते लपवण्याचे काहीच कारण उरत नाही.

प्रश्न : शेंदूर आणि शिसपेन्सिल यांत खरोखरच शिसे असते काय?
— एक विद्यार्थिनी, चिक्कोडी

उत्तर : पारंपरिक शेंदरात असते, शिसपेन्सिलीत नसते. शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. ज्याला वर रेड लेड म्हटले, तेच. सौंदर्यप्रसाधनांना शिशाच्या संयुगांनी रंग देण्यास मनाई आहे, परंतु देवाला लावण्यासाठी विकला जाणारा शेंदूर सौंदर्यप्रसाधन म्हणून विकला जात नाही. मारुतीला तो लावल्यावर हात धुवावेत आणि तेच बोट लहान मुलाच्या कपाळाला लावू नये. शिसपेन्सिलीचे नाव जुन्या गैरसमजातून आले आहे. तिच्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. चावायची सवय असेल तर ती मोडावी, पण ती बाहेरच्या रंगासाठी.