स्टोमा कितीजणांना असतो, आणि पोटावर पिशवी घेऊन रोजचं जगणं कसं असतं?

तुमच्या सिन्नरच्या काकांना गुदाशयाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन सांगितलंय आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे शौचाची जागा, म्हणजे स्टोमा, करणार आहेत. असं कितीजणांचं होतं आणि नंतर माणूस शेतात, चारचौघांत वावरू शकतो का, हे तुम्ही विचारलंय. वावरू शकतो. त्रास होतो तो बहुतेक वेळा पिशवी गळण्याचा, आणि गळण्यामागे साधारणपणे माप चुकलेलं किंवा त्वचा ओली राहिलेली असते. म्हणून खाली मापाबद्दलच जास्त लिहितोय.

आधी आकडे. ब्रिटनमध्ये दीड ते दोन लाख लोक स्टोमा घेऊन जगतात, अमेरिकेत साडेसात ते दहा लाख. भारतात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे 70 हजार नवे रुग्ण आढळतात (2022 चा अंदाज). त्या सगळ्यांना स्टोमा लागत नाही. उलट कॅन्सर नसतानाही तो अनेकांना लागतो: टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला भोक पडलं, आतडं अडकलं, अपघातात पोटाला मार लागला, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा आतड्याच्या सुजेचा आजार असला, किंवा बाळ गुदद्वाराशिवाय जन्मलं तर. मूत्राशय काढलेल्यांना लघवीचा स्टोमा करतात. तुमच्या गल्लीतही कुणाला असेल. शर्टाखाली दिसत नाही आणि आपल्याकडे कुणी सांगतही नाही.

काकांचा तात्पुरता की कायमचा, हे सर्जनला स्पष्ट विचारा. गुदद्वारासकट भाग काढावा लागला तर कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) कायमची. आतडं जोडून, तो जोड भरेपर्यंत मल दुसरीकडून काढायचा असेल तर बहुधा लहान आतड्याची इलिओस्टॉमी करतात आणि दोन-तीन महिन्यांनी बंद करतात. केमो चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबतात. दोन्हींत बराच फरक आहे. कोलोस्टॉमी बहुधा डावीकडे असते, मल पुष्कळसा घट्ट आणि दिवसातून एक-दोनदा येतो. इलिओस्टॉमी उजवीकडे, मल पातळ, दिवसभर थोडा थोडा, 24 तासांत 500 ते 800 मिलि. त्यात पाचकरस असतात, त्यामुळे त्वचेला लागला की काही तासांत ती सोलते.

ऑपरेशनच्या आधी पोटावर स्टोमाच्या जागेची खूण करून घ्या. घाईच्या ऑपरेशनात हे राहून जातं, पण तुमच्याकडे वेळ आहे. खूण झोपवून केली की पुरेशी होत नाही. माणसाला बसवून, उभं करून, वाकवून पाहायचं, कारण झोपल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर वळी पडते आणि वळीत पट्टी टिकत नाही. बेंबी, कमरेचं हाड, जुना टाक्यांचा व्रण यांपासून जागा दूर हवी आणि काकांना खाली पाहून स्वतःला दिसायला हवी. पायजम्याची नाडी किंवा धोतराची गाठ नेमकी कुठे येते, तेही सर्जनला किंवा स्टोमा नर्सला दाखवा. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीची रेघ बघायची. द्राक्षबागेत वाकून काम करणाऱ्याची नाडी स्टोमावर आली तर रोज घासणार.

आता पिशवी. नाशिकमध्ये बहुतेक रुग्णांकडे दोन भागांची दिसते: त्वचेला चिकटणारी पट्टी (दुकानात फ्लँज किंवा बेसप्लेट म्हणा) आणि तिच्यावर बसणारी पिशवी. पट्टी तीन-चार दिवसांनी बदलायची, पिशवी मात्र एक-तृतीयांश भरली की खालचं तोंड उघडून रिकामी करायची. अर्धी भरेपर्यंत ठीक, पुढे वजनाने पट्टी ओढली जाते.

बदलायची वेळ सकाळी काही खाण्याआधीची. तेव्हा आतडं शांत असतं. चहा-नाश्ता झाल्यावर बसलात तर काम अर्धं असतानाच मल येतो. सामान आधी हाताशी ठेवा. जुनी पट्टी वरून खाली सोडवत न्या, एका हाताने त्वचा दाबून धरा. पट्टी खेचायची नसते, त्वचा तिच्यापासून मागे सारायची असते. मग कोमट साधं पाणी आणि मऊ सुती कापड. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, खोबरेल तेल, क्रीम, बाळाचे ओले वाइप्स यातलं काहीही नको. तेलकट थर राहिला की पट्टी चिकटणार नाही, आणि स्पिरिटने त्वचा भाजते. पुसताना स्टोमावर रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका, ती आतड्याची नाजूक आतली बाजू आहे. तिला हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. त्याचीच दुसरी बाजू अशी की पट्टीच्या कडेने ती कापली गेली तरी कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहायचं. निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला, चमकदार असतो.

त्वचा पूर्ण कोरडी झाली की मापपट्टी लावून स्टोमा मोजा. भोक स्टोमापेक्षा सगळीकडून दोन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त मोठं कापलं तर मधल्या उघड्या त्वचेवर मल बसून ती भाजते. लहान कापलं तर कड स्टोमात रुतते. सूज उतरत असल्याने पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा लहान होत जातो. दवाखान्यात कापून दिलेला जुना नमुना महिनाभर वापरत राहणं ही घरोघरी होणारी चूक आहे. दर बदलाला मोजा. कापलेली कड बोटाने गुळगुळीत करा, पट्टी मिनिटभर तळहातात किंवा काखेत धरून कोमट करा, खालून वर लावत न्या आणि तळहात दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. गोंद शरीराच्या उबेने पकडतो, नुसत्या जोराने नाही. शेवटी पिशवी पट्टीवरच्या रिंगमध्ये बसवून हलकेच ओढून पाहा.

पेस्टबद्दल बराच गैरसमज आहे. ती चिकटवण्यासाठी नसते, खाचा भरण्यासाठी असते, गवंडी लांबी भरतो तशी. त्वचा सपाट असेल तर तिची गरजच नाही. पुष्कळ पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून लावल्यावर मिनिटभर थांबा, आणि सोललेल्या त्वचेवर लावू नका. तिथे स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जादा झटकून टाकायची. पावडरचा थर राहिला तर पट्टी तासाभरात सुटते. स्टोमा आत खचलेला किंवा पोट खोलगट असेल तर बहिर्वक्र म्हणजे कॉन्व्हेक्स पट्टी आणि कमरेचा पट्टा लागतो. तो निर्णय नर्सला घेऊ द्या.

पट्टीखाली खाज किंवा आग वाटली की ती लगेच काढायची. वरून मायक्रोपोर टेप चिकटवून ‘उद्या बघू’ केलं तर मल आत कोंडून रात्रभर त्वचा खातो. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या घामात लाल, खाजरे ठिपके उठले तर ती बहुधा बुरशी असते. डॉक्टरकडून बुरशीविरोधी पावडर घ्या. मलम लावलं की पट्टी टिकत नाही.

वास ही सगळ्यांची पहिली भीती. नीट बसलेली पिशवी वास सोडत नाही. वास आला तर गळती आहे, नाहीतर पिशवीचं खालचं तोंड आतून पुसलेलं नाही. गॅसने पिशवी फुगली तर बाथरूममध्ये जाऊन उघडायची. टाचणीने भोक पाडण्याची युक्ती काहीजण सांगतात, तिने दिवसभर वास येत राहतो. कांदा, कोबी, अंडं, वाटाणा, कडधान्यं आणि सोडावॉटरने गॅस-वास वाढतो. दही-ताकाने बऱ्याचजणांना फरक पडतो.

सुरुवातीचे सहा-आठ आठवडे मऊ, कमी चोथ्याचं खायचं, नंतर एका वेळी एकच नवा पदार्थ. कोलोस्टॉमीत पुढे जवळपास सगळं चालतं. मिसळसुद्धा, पण रस्सा जपून. इलिओस्टॉमीत चोथ्याचा गोळा स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतो, म्हणून मका, शेंगदाणे, ओलं खोबरं, पेरूच्या बिया, द्राक्षाची साल, संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा सांभाळून आणि खूप चावून. द्राक्षाच्या जिल्ह्यात हे सांगणं जिवावर येतं, पण साल काढून चार-पाच खाऊन पाहा, टोपलीभर नको. मल फार पातळ झाला तर भात, केळं, साबुदाणा घट्टपणा आणतात. बीट खाल्ल्यावर लाल आणि लोहाच्या गोळीने काळा मल येतो, ते रक्त नव्हे.

इलिओस्टॉमीवाल्याला उन्हाळ्यात खरा धोका पाणी-मीठ कमी होण्याचा. दिवसाला दीड लिटरच्या वर मल जात असेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, पायात गोळे येत असतील तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, उलट ते मीठ घेऊन बाहेर जातं. ओआरएस घ्या, पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. तरी मल आवरला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. इलिओस्टॉमी असताना पोट साफ करणारं रेचक औषध कधीच घ्यायचं नाही, आणि प्रत्येक नव्या गोळीच्या वेळी केमिस्टला स्टोमा असल्याचं सांगायचं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधीकधी अख्ख्याच पिशवीत येतात.

स्टोमा जांभळा-काळा पडला, आतून रक्त थांबेना, आतडं एकदम बरंच बाहेर आलं, किंवा चार-सहा तास इलिओस्टॉमीतून काहीच न येता पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर रात्रीच हॉस्पिटल गाठा.

आंघोळ पिशवीसकट किंवा पिशवीशिवाय, दोन्ही चालते. साधं पाणी आत जात नाही. जखम पूर्ण भरल्यावर पोहताही येतं. येत्या सिंहस्थात काकांना रामकुंडावर स्नान करायचं असेल तर पिशवी रिकामी करून खुशाल करू द्या. देवपूजेला वैद्यकीय अडचण कसलीच नाही. वजनाचं मात्र ऐका: पहिले सहा-आठ आठवडे तीन-चार किलोच्या वर काही उचलायचं नाही. स्टोमाशेजारी हर्निया होणं सर्रास आहे, त्यामुळे द्राक्षाचे क्रेट आणि गॅस सिलिंडर पुढेही दुसऱ्याने उचललेले बरे. लैंगिक संबंधांबद्दल सर्जनशी आधीच बोला, कारण गुदाशयाच्या ऑपरेशनात तिथल्या नसांना इजा होऊ शकते. काका हे स्वतःहून विचारणार नाहीत.

प्रवासात कापून तयार ठेवलेली एक पट्टी, दोन पिशव्या, सुती कापड, पाण्याची बाटली आणि काळ्या पिशव्या जवळ ठेवा. उन्हात उभ्या गाडीत सामान ठेवू नका, गोंद वितळतो. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांनी रेल्वेच्या पासाची चौकशी करावी. मासिक आणि त्रैमासिक पासाच्या सवलतींत ऑस्टोमी, म्हणजे स्टोमा असलेले, रुग्ण येतात. वापरलेली पिशवी शौचालयात रिकामी करून, कागदात गुंडाळून, बांधून घंटागाडीत सॅनिटरी कचऱ्यात द्या. फ्लश करू नका, जाळू नका.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं येतात, पण घरी आल्यावर पट्ट्या-पिशव्यांचा खर्च बहुतेक घरांना स्वतःच सोसावा लागतो. महिन्याला साधारण आठ-दहा पट्ट्या धरा. मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही जुनी संस्था सल्ल्यासाठी चांगली. डिस्चार्जच्या आधी किमान दोनदा काकांनी स्वतःच्या हाताने पट्टी बदलावी, काकूंनी नुसतं बघावं. आणि पहिल्या महिन्यात स्वस्त पडतो म्हणून मोठा साठा घेऊ नका: सूज उतरल्यावर रिंगचं माप बदलू शकतं, आणि फोडलेला डबा दुकानदार परत घेत नाही.