गुण आहेत, पण नाव झालं नाही तर?

पत्र : माझी मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं आणि तेव्हापासून ती मुंबईला जायचं म्हणते आहे. तिच्या बाबांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे. मला तिचं काम मनापासून आवडतं. पण टीव्हीवर जुने सिनेमे बघताना एकेक गुणी माणूस दिसतो, आयुष्यभर बाप, मुनीम नाहीतर शेजारीण झालेला. ए. के. हंगल यांच्यासारख्या नटालाही म्हातारपणी औषधपाण्याची ओढाताण झाली. इतका गुण असून ही माणसं मोठी झाली नाहीत, तर आमच्या पोरीचं काय होणार? तिला अडवू का?
– एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर :

ताई, तिला अडवू नका. पण परीक्षा संपली की लगेच मुंबईच्या गाडीतही बसवू नका.

तुमच्या पत्रात दोन भीती एकत्र आल्या आहेत. एक, नाव न होण्याची. दुसरी, पोट न भरण्याची. यातली दुसरी खरी आहे आणि तिच्यावर आधीपासून तजवीज करता येते. पहिलीबद्दल मात्र तुम्हाला आणि तुमच्या लेकीला आत्ताच स्पष्ट सांगायला हवं, कारण गुण असला की नाव होतंच, हे गृहीत धरून पोरं घर सोडतात आणि पाच-सात वर्षांनी स्वतःलाच दोष देत परत येतात.

स्टार म्हणजे ज्याच्या नावावर तिकीट खपतं तो. निर्माता त्याच्यावर पैसे लावतो ते त्याच्या चेहऱ्याचं, वयाचं आणि मागच्या सिनेमाच्या गल्ल्याचं गणित मांडून. अभिनय त्या गणितात असतो, पण बऱ्याचदा शेवटी असतो. एका सिनेमात अशा जागा एक किंवा दोन. बाकीच्या तीस-चाळीस भूमिकांना नट लागतात, आणि सिनेमा खरा वाटतो तो त्यांच्यामुळे. त्यात एखादी भूमिका गाजली की पुढची दहा वर्षं तशाच भूमिकांसाठी फोन येतात. हंगल वयाच्या पन्नाशीनंतर सिनेमात आले, त्याआधी शिवणकाम केलं, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला, इप्टा या नाट्यसंघटनेच्या नाटकांत घडले. ते नायक व्हायला आलेच नव्हते. दोनशेहून अधिक सिनेमे केले, 2006 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्याकडे नाव होतं. 2011 मध्ये उपचारांच्या खर्चाची अडचण झाली, कारण या धंद्यात पीएफ नाही, पेन्शन नाही, आणि छोट्या भूमिकेचं मानधन एकदाच मिळतं. म्हणजे त्यांच्या उदाहरणातून शिकायचं ते पैशाच्या नियोजनाबद्दल. त्यांचं आयुष्य वाया गेलं, असं कृपा करून समजू नका.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2015 मध्ये तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला तो नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. आज नागपुरातही पुष्कळांना त्यांचं नाव सांगावं लागतं, आणि तरी ती भूमिका जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिली आहे. त्याच सिनेमात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. त्यानंतर ‘गुल्लक’ या मालिकेतल्या आईमुळे त्या हिंदी घराघरांत पोचल्या. सिनेमाच्या पोस्टरवर त्यांचा चेहरा एकट्याने क्वचितच दिसेल, पण दिग्दर्शक त्यांना शोधत येतात. शिवाय पालघर जिल्ह्यात मुलांसाठी ‘गोष्टरंग’ नावाचं काम त्यांनी उभं केलं. नटांनी गोष्टी सादर करायच्या आणि त्यातून मुलांना भाषेची, वाचनाची गोडी लावायची, असं ते काम. तुमच्या लेकीला हे आयुष्य दाखवा. तिला ते कमीपणाचं वाटलं, तर थांबवायला हवं. हवंहवंसं वाटलं, तर पुढे बोलू.

सुलभा देशपांडे तर तुम्हाला नक्की आठवत असतील, ‘इंग्लिश विंग्लिश’मधली ती सासू. मुळात त्या दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 1971 मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्यांत त्या होत्या. छबिलदासच्या सभागृहात जी प्रायोगिक चळवळ झाली, तिच्यात मराठीतले कितीतरी नट, लेखक, दिग्दर्शक तयार झाले. हिंदी सिनेमाने त्यांना आई, सासू, मावशी दिली. एवढ्यावरून त्यांना ‘मोठ्या न झालेल्या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक कडू गोष्टही सांगते, कारण तुम्ही आई आहात. मुलींच्या बाबतीत हा धंदा वयाला फार निर्दय आहे. तिशी ओलांडली की वहिनीच्या आणि पस्तिशीत आईच्या भूमिका विचारल्या जातात, समोरचा नायक पंचेचाळीसचा असला तरी. अलीकडे वेब मालिकांमुळे थोडं बदललंय. 1985 च्या ‘मॅसी साहब’मध्ये नायक असलेले रघुवीर यादव आजच्या पिढीला माहीत झाले ते 2020 मध्ये ‘पंचायत’चे प्रधानजी म्हणून, पस्तीस वर्षांनी. अशा नटांच्या मुलाखती पोरं रात्र रात्र बघतात आणि म्हणतात, वाट पाहिली की मिळतं. पण ज्यांना पस्तीस वर्षांनीही मिळालं नाही, त्यांची मुलाखत कोणी घेत नाही. आणि मधल्या काळात यादव नुसते वाट बघत बसले नव्हते, सतत काम करत होते.

आता पुढचं. पदवी पूर्ण करायचीच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, शिवाय किमान 6 नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि विद्यार्थ्यांना छात्रवृत्ती मिळते. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिक्षणसंस्था, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग हेही चांगले मार्ग आहेत. प्रत्येकाची जाहिरात नीट वाचून अर्ज करा. स्पर्धेतलं बक्षीस म्हणजे गुण आहे याची खूण. शिक्षणाने तो गुण रोज, आजारी असतानाही, हुकमी बाहेर काढता येतो, आणि मानधन त्या हुकमीपणाचं मिळतं.

प्रवेश मिळेपर्यंतचं वर्ष नागपुरातच घालवावं, असं माझं ठाम मत आहे. इथे राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, आकाशवाणी आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. आणि ज्या रंगभूमीकडे आपण नागपूरकर मान वर करून बघतही नाही, ती झाडीपट्टी आपल्या उशाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात, तीही तिकीट लावून आणि नटांना नाइटचे पैसे देऊन. तिथले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. एक हंगाम तिने तिथे काढला, तर उघड्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचा आणि पहाटे तीनला प्रेक्षक कसा धरून ठेवायचा, हे कुठल्याही कार्यशाळेपेक्षा लवकर कळेल. मुक्कामाची, प्रवासाची सोय आधी स्वतः पाहून या, सोबत कोण आहे ते विचारा.

तिची बोली पुसून टाकू नका. प्रमाण मराठी आणि स्वच्छ हिंदी तिने कमवायचीच, पण वऱ्हाडी ठेवायची. भारत गणेशपुरेंना महाराष्ट्राने त्याच बोलीसकट उचलून धरलं.

तिच्या बाबांचं म्हणणंही मोडीत काढू नका. नागपूरच्या हौशी संघांतली कितीतरी उत्तम मंडळी बँकेत, शाळेत, रेल्वेत नोकरी करतात. महावितरणमध्ये तर कर्मचाऱ्यांची स्वतःची नाट्यस्पर्धा होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, बेचाळिसाव्या वर्षी, 1969 मध्ये पूर्णवेळ नट झाले, पण त्याआधी वर्षानुवर्षं नाटक करतच होते. नोकरी करून नाटक करणं हे वेगळं आयुष्य आहे, हलकं नाही. फक्त निवड तिची असू द्या.

मुंबईला गेलीच, तर पैशाचं आधी ठरवा. घरून दरमहा किती आणि किती काळ, हे तिघांनी बसून कागदावर लिहा. मी दोन वर्षं म्हणेन. मालिकेचं मानधन साधारण तीन महिन्यांनी हातात पडतं, म्हणून तेवढ्या खर्चाची रक्कम तिच्या खात्यात वेगळी हवी. आरोग्य विमा पहिल्याच महिन्यात काढा. ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी किंवा ‘रोल पक्का करण्यासाठी’ जो पैसे मागेल, त्याच्याकडे परत पाऊल टाकायचं नाही, आणि ऑडिशनचा पत्ता घरच्या कुणालातरी कळवल्याशिवाय जायचं नाही. डबिंग, आवाजाची कामं, शाळांतले नाट्यवर्ग यांना तिने दुय्यम मानू नये. घरभाडं बहुतेक नटांचं यातूनच निघतं.

दोन वर्षांनी काय मोजायचं? किती लोक ओळखतात, हे नाही. ज्यांच्याबरोबर एकदा काम केलं त्यांनी तिला दुसऱ्यांदा बोलावलं का, हे विचारा. तीन-चार जणांनी पुन्हा बोलावलं असेल तर ती या धंद्यात टिकली, घरून आणखी एक वर्ष द्या. एकानेही बोलावलं नसेल, तर परत यायला सांगा, तेव्हा बँकेच्या परीक्षेचं वयही हातात असेल. हे ती जाण्याआधी बोलून ठेवा, म्हणजे परत येण्याचा विषय निघाला की घरात रडारड होणार नाही.

सध्या मात्र तिला शेवटच्या सेमिस्टरचा अभ्यास करू द्या. निकाल लागला की मला लिहा. नाट्य विद्यालयाच्या अर्जाबरोबर तिच्या आतापर्यंतच्या नाटकांची प्रमाणपत्रं लागतील, ती आजच एका फाइलमध्ये लावायला घ्या.