अॅनिमेचे (जपानी अॅनिमेशनचे) लाइव्ह-अॅक्शन, म्हणजे खऱ्या नटांचे अवतार बघायला सुरुवात करताय? मग क्रम असा ठेवा

सुरुवात ‘रुरोनी केन्शिन’ने करा, केन्शिन या तलवारबाजाची ही जपानी चित्रपटमालिका. पाच चित्रपट आहेत: 2012चा पहिला, 2014चे दोन, 2021चे दोन. प्रदर्शनाच्या क्रमानेच बघा. शेवटचा ‘द बिगिनिंग’ कथेच्या काळानुसार सर्वांत आधीचा, म्हणून काहीजण तो पहिला लावतात. तसं केलंत तर केन्शिनच्या गालावरच्या फुलीसारख्या व्रणाचं गूढ आधीच फुटतं. जपानी आवाज आणि सबटायटल्स ठेवा. केंजी तानिगाकींनी बसवलेल्या तलवारबाजीत धाप, पावलं, पात्याचा आवाज हे सगळं एकत्र चालतं, डबिंगमध्ये त्यातलं बरंच हरवतं.

मग 1995चा ‘घोस्ट इन द शेल’ आणि त्यावरचा 2017चा हॉलिवूडपट, आधी अॅनिमे, लगोलग दुसरा. दृश्यं जवळजवळ जशीच्या तशी उचललेली दिसतील, पण मूळ प्रश्न ‘मी म्हणजे नक्की काय’ हा होता. हॉलिवूडपटात तो ‘माझा भूतकाळ कोणी चोरला’ एवढाच उरतो. नकलेतलं अपयश ओळखायला याहून चांगला धडा नाही.

असे बहुतेक चित्रपट वेळेपायी फसतात. 26 भागांची मालिका म्हणजे साधारण दहा तास. ती दोन तासांत कोंबली की पात्रं नुसती माहिती सांगत सुटतात. ‘वन पीस’ या लाइव्ह-अॅक्शन मालिकेला 2023मध्ये पहिल्या हंगामासाठी आठ भाग मिळाले, म्हणून नायक लुफीच्या साथीदारांना श्वास घेता आला. (लुफीचा रबरासारखा ताणला जाणारा हात पहिल्यांदा विचित्र वाटतो, दोन भाग धीर धरा.)

‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ हा हॉलिवूडपट सध्या राहू द्या.